केबल सुटली आणि व्हीआर मोकळं झालं
२०१६ मध्ये आठवडाभराच्या अंतराने दोन व्हीआर हेडसेट आले. ऑक्युलस रिफ्ट ५९९ डॉलरचा, हलका. पण सोबत साधा एक्सबॉक्स कंट्रोलर, म्हणजे त्या दुनियेत तुम्हाला हातच नाहीत! एचटीसी वाइव्ह ७९९ डॉलरचा. त्यात हात होते, खोलीभर फिरताही यायचं. पण आधी दोन बेस स्टेशन उंचावर लावा. शिवाय दोन्हींना तगडा गेमिंग पीसी हवा आणि पायात घोटाळणारी केबल होतीच.

२०१९ मध्ये ३९९ डॉलरचा ऑक्युलस क्वेस्ट आला. आत मोबाइलचा प्रोसेसर. ग्राफिक्स कमी, बॅटरी दोन-तीन तास. पण पीसी नको, केबल नको; डोक्यावर चढवा की सुरू! आम्हा इंजिनिअरांना स्पेक्स मोजायची सवय. लोक मात्र आधी कटकट मोजतात. म्हणून हेडसेट घेताना एकच विचारा: हा मी रोज डोक्यावर चढवेन का?