चेंडू होलमध्ये गेल्याचा निर्णय (गोल्फ)

फटक्यानंतर होलमध्ये स्थिरावलेला चेंडू पूर्णपणे ग्रीनच्या पृष्ठभागाखाली असेल, तर तो होलमध्ये गेला असे धरतात. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबात (स्थापना 1927) काय किंवा पुण्यात येरवड्याच्या मैदानावर काय, कसोटी हीच. होलचा व्यास 108 मिमी., चेंडूचा किमान 42.67 मिमी.; जागा ऐसपैस आहे, तरी वाद होतात ते काठावर.

निशाणाच्या काठीला टेकून अडकलेल्या चेंडूला मात्र सवलत मिळते : त्याचा थोडासा भाग पृष्ठभागाखाली असला, तरी पुरते. 2019 पूर्वी असा चेंडू होलमध्ये गेलेला मानत नसत. काठी हलवावी किंवा काढावी लागे आणि तो आत पडला तरच काम होई. नवी तरतूद अधिक शहाणपणाची आहे.

चेंडूचा काही भाग काठावरून आत डोकावत असेल, तर खेळाडूला होलपर्यंत पोहोचण्यास वाजवी वेळ आणि त्यानंतर 10 सेकंद मिळतात. त्या अवधीत चेंडू पडला, तर आधीच्याच फटक्याने होल पूर्ण होतो. नंतर पडला, तरीही होल पूर्णच, पण 1 दंड-फटका वाढतो. काठावर उड्या मारून जमीन हादरवण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो नियमात बसत नाही.