हळदीच्या रेणूची दुरुस्ती

वनस्पतीत गुणकारी रेणू सापडला म्हणजे औषध हाती आले, असे मानून कोणी या विषयाकडे वळत असेल तर त्याने बेलाशक यावे. हा समज लवकरच उतरतो आणि मग विषयाची खरी गोडी लागते.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. काही साखळ्यांची घडी बिघडते, काहींना मुळात पक्की घडीच नसते. अशा साखळ्या एकमेकींना चिकटून लांब तंतू बनवतात. अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूत साठणारा अमायलॉइड-बीटा हा बहुधा ४० किंवा ४२ अमिनो आम्लांचा तुकडा. पार्किन्सनमधले अल्फा-सायन्युक्लिन १४० अमिनो आम्लांचे. संशयाची सुई आज मात्र पूर्ण वाढलेल्या तंतूंपेक्षा लहान, विरघळणाऱ्या पुंजक्यांवर अधिक आहे. म्हणून ‘गुठळी फोडली’ एवढ्यावर खूश होऊ नये. फुटून निघाले ते काय, हे विचारायचे.

साखळ्यांचे हे चिकटणे रोखू पाहणाऱ्या वनस्पतिज रेणूंत हळदीतल्या करक्युमिनचा बोलबाला मोठा. (ग्रीन टीतल्या ईजीसीजीचाही कमी नाही. तो साखळ्यांना वेगळ्याच, निरुपद्रवी पुंजक्यांकडे वळवतो, असे २००८ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखवले.) करक्युमिन १८१५ मध्ये वेगळे केले गेले, रचना १९१० मध्ये उलगडली: दोन टोकांना फिनॉलची वलये, मध्ये सात कार्बनांचा दुवा. बनवायला साहित्य साधे. व्हॅनिलिन दोन भाग, अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोन एक भाग. अडचण अशी, की अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोनचा मधला कार्बनच सर्वांत उतावळा आणि आपल्याला हवी असतात टोके. म्हणून आधी बोरॉन ऑक्साइड घालून मधला भाग जखडायचा, मग अमाइन थेंबथेंब सोडायचे. फ्लास्क लालभडक होतो. शेवटी आम्लाने बोरॉन सोडवले की हळदीचा पिवळा रंग उमटतो.

हे पाहून हुरूप येतो खरा, पण हा रेणू टिकत नाही. रक्ताइतक्या सामूच्या बफरमध्ये, ३७ अंश सेल्सिअसला, अर्ध्या तासात त्याचा बहुतेक भाग मोडतो. आतड्यातून शोषणही जेमतेम. शंभरावर चाचण्या होऊनही प्लासिबोशी तुलना करणारी एकही डबल-ब्लाइंड चाचणी यशस्वी ठरलेली नाही, असे २०१७ च्या एका परखड आढाव्याने नोंदवले. हळदीच्या अभिमान्यांना हे झोंबते. रसायनशास्त्रज्ञाला इथेच काम मिळते. मधल्या नाजूक दुव्याच्या जागी पायराझोलचे वलय बसवले की रेणू टिकाऊ होतो, आणि अमायलॉइडला धरण्याचा गुण पुष्कळदा राहतो. माझ्या मते हळदीने आपल्याला कच्चा मसुदा दिला, त्याहून जास्त काही नाही. तेही थोडके नव्हे.

मोजमापातला एक चकवा मात्र आधीच सांगतो. थायोफ्लेविन-टी हा रंग तंतूंना चिकटला की चमकतो. चमक घटली की तंतू घटले, असा हिशेब. पण करक्युमिन नेमका त्याच पट्ट्यातला प्रकाश शोषते. तंतू जागच्या जागी असले तरी चमक मंदावते आणि यशाचा आलेख सुरेख निघतो! म्हणून पहिला प्रयोग असा: पूर्ण वाढलेले तंतू घ्या, त्यात थायोफ्लेविन घाला आणि रेणू ऐनवेळी टाका. चमक क्षणात पडली तर श्रेय तुमच्या रेणूच्या औषधी गुणाला देऊ नका. तोच नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा आणि तंतू आहेत की नाहीत ते डोळ्यांनी पाहा.