दस्तुरखुद्द आणि बिकलम

जुन्या मराठी कागदांच्या शेवटी दोन शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. ज्याचा कागद त्यानेच तो लिहिला असेल तर 'दस्तुरखुद्द', म्हणजे स्वतःच्या हातचा. आणि त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्याने लिहिला असेल तर त्या लिहिणाऱ्याच्या नावामागे 'बिकलम', म्हणजे त्याच्या लेखणीने. मजकूर कोणाचा आणि हात कोणाचा, हे अशा रीतीने कागदच सांगत असे. महाविद्यालयीन विद्यार्थी आपले लेखी स्वाध्याय चॅटबॉटकडून, म्हणजे विचारलेल्या प्रश्नाला सलग मजकुरात उत्तर देणाऱ्या संगणकीय यंत्रणेकडून, लिहून घेऊ लागल्यावर उभा राहिलेला वाद मुळात याच नोंदीचा आहे. आणि गोंडी, मराठी व तेलुगू एकमेकींत मिसळलेल्या नार्नूर मंडलात (मंडल हा तेलंगणातील जिल्ह्याखालचा महसुली विभाग) या नोंदीला मोठा इतिहास आहे.

याच मंडलातील गुंजाला या गोंड गावात 2006 साली काही हस्तलिखिते अभ्यासकांच्या हाती आली. गोंडी भाषेसाठी घडवलेल्या स्वतंत्र लिपीत ती लिहिलेली होती, त्यांतील जुनी पाने 1750च्या सुमाराची मानली जातात, आणि गावातील मोजक्या वृद्धांनाच ती लिपी वाचता येत होती. गावाच्या नावाने ओळखली जाणारी ही लिपी 2018 साली युनिकोडमध्ये, म्हणजे जगातील लिप्यांना संगणकावर क्रमांक देणाऱ्या प्रमाण संचात, दाखल झाली. निरक्षर म्हणून गणल्या गेलेल्या समाजाने आपल्या भाषेत दस्तुरखुद्द लिहिले होते, ही या पानांची सर्वांत मोलाची साक्ष होय.

निजामाच्या राजवटीत मात्र डोंगरातील गोंडांच्या वाट्याला परक्याचीच लेखणी आली. जमिनीचा पट्टा कोणाच्या नावे चढला हे पटवारी जाणे, शेत कसणाऱ्याला ते वाचता येत नसे, आणि अशा कागदांच्या बळावर कित्येक कुटुंबांच्या जमिनी बाहेरून आलेल्यांच्या नावावर गेल्या. 1940 साली जोडेघाट येथे निजामाविरुद्ध उठलेले गोंड नेते कुमरम भीम मारले गेल्यानंतर या असंतोषाची कारणे शोधण्याचे काम मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे आले, आणि त्यांच्या पुढाकाराने 1943 साली जवळच्या मार्लवाई गावी गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. तेथील गोंडी वाचनपुस्तकांसाठी देवनागरी निवडली गेली, ती या डोंगरात मराठीची आधीपासून ओळख होती म्हणून. त्या काळी निजामाच्या राज्यातील उस्मानिया विद्यापीठ मात्र उर्दूतून शिकवत होते. 1956 साली किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले, नार्नूर ज्यात येते तो उटनूर भाग तेव्हाच्या आंध्र प्रदेशात गेला, शाळांतून तेलुगू रुळली आणि ती गोंडी पुस्तके मागे पडली. घरी एक भाषा, बाजारात दुसरी आणि वहीत तिसरी, असा येथील विद्यार्थ्याचा क्रम तेव्हापासून ठरून गेला. उच्च शिक्षणात त्यात इंग्रजीची भर पडली.

अशा विद्यार्थ्याने गाइड पाठ करावे किंवा मित्राच्या वहीवरून उतरवून काढावे, ही प्रथा चॅटबॉटहून कितीतरी जुनी आहे. 30 नोव्हेंबर 2022 रोजी चॅटजीपीटी हा चॅटबॉट सर्वांसाठी खुला झाला आणि या प्रथेचे स्वरूप बदलले. प्रचंड मजकुरावरून पुढचा संभाव्य शब्द हेरत जाणारे हे यंत्र प्रत्येक वेळी नवी वाक्यरचना करते. त्यामुळे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांतील साम्याची टक्केवारी, जी आधी उपलब्ध असलेल्या मजकुराशी तुलना करूनच निघते, येथे फारशी उपयोगी पडत नाही. यंत्राचे लेखन ओळखणारी साधनेही भरवशाची ठरली नाहीत. चॅटजीपीटीच्या निर्मात्यांनी स्वतःचे असे साधन अचूकतेअभावी जुलै 2023 मध्ये मागे घेतले, आणि त्याच वर्षीच्या एका अमेरिकी अभ्यासात इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे अस्सल निबंध अशा साधनांनी मोठ्या प्रमाणावर यंत्राच्या नावावर टाकल्याचे दिसले. तीन भाषांतून वाट काढत इंग्रजीपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्यावर हा अन्याय सर्वांत आधी होतो.

हाताने लिहिलेलाच स्वाध्याय स्वीकारायचा, हा उपायही अपुरा आहे. पेन्सिलीने समास आखलेल्या फुलस्केप कागदावर, शेजारी मोबाइल ठेवून, पडद्यावरचा मजकूर ओळीमागून ओळ उतरवता येतो, आणि अक्षर अर्थातच विद्यार्थ्याचे असते. बिकलम कागदात मजकूर स्वतःचा आणि हात दुसऱ्याचा असे. येथे नेमके उलटे घडते, आणि ते सांगणारा शब्द मात्र कागदावर कोठेच नसतो. यातून हरवते ती घरच्या भाषेतला विचार वहीच्या भाषेत आणण्याची खटपट, आणि नार्नूरसारख्या भागात शिक्षणाचा मोठा हिस्सा त्या खटपटीतच होता.

या खटपटीतही यंत्र शिरू लागले आहे. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने 'आदि वाणी' हे भाषांतराचे साधन चाचणीसाठी खुले केले. त्यात गोंडी आहे, परंतु ती छत्तीसगडची, नार्नूरची नव्हे. नार्नूरला पौष पौर्णिमेच्या सुमारास थोडसम कुळाची खामदेव जत्रा भरते आणि त्या कुळातील स्त्री देवासमोर तिळाचे तेल प्राशन करते. या विधीवर स्वाध्याय दिला, तर विद्यार्थ्याला कुळातील वडीलधाऱ्यांसमोर बसून गोंडीतच विचारावे लागते, आणि मिळालेली उत्तरे मराठीत की तेलुगूत उतरवायची, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते.