आडनावांचा उगम आणि आमची वंशावळ

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील बौद्ध वस्त्यांत जाधव, गायकवाड, कांबळे, सकपाळ, मोरे, अहिरे अशी आडनावे आढळतात. त्यांपैकी बहुतेक घराण्यांचे मूळ या परिसरात नाही. रेल्वे व कारखान्यांतील कामासाठी कोकण, खानदेश व देशावरून आणि १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून जी कुटुंबे आली, त्यांच्यासोबत ही आडनावे आली. आज तिसरी पिढी आपले मूळ विचारीत आहे. त्या शोधाची दिशा कोणती असावी, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

प्रथम एक भ्रम दूर करणे अगत्याचे आहे. ‘मोरे’ म्हणजे मौर्य आणि ‘जाधव’ म्हणजे यादव अशी समीकरणे आपल्या सभांतूनही मांडली जातात. परंतु हीच आडनावे मराठा व इतर समाजांतही आहेत. केवळ आडनावावरून ना रक्त सिद्ध होते, ना राजवंश. शिवाय ज्यांनी जन्मावरून ठरणारे श्रेष्ठत्व नाकारले, त्यांनी राजकुळाचा आधार शोधावा, हे विसंगत आहे.

जुन्या नोंदींत आमच्या पूर्वजांस बहुधा आडनावच नसते. कोरेगाव भीमा येथील स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईतील महार सैनिकांची नावे कोरलेली आहेत. तेथे स्वतःचे व वडिलांचे नाव आहे आणि दोन्हींच्या शेवटी ‘नाक’ आहे. गावच्या दप्तरात माणसाचे नाव, बापाचे नाव आणि पुढे ‘महार’ एवढीच नोंद असे. लिहिणाऱ्याच्या लेखी जात हेच आडनाव होते.

शाळेच्या दाखल्याने हे चित्र पालटले. बाबासाहेबांचे घराणे सकपाळांचे आणि मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. सातारच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी नोंद झाली ती मात्र ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी. पिता सकपाळ, पुत्र आंबेडकर. केवळ आडनाव धरून शोध घेणाऱ्यास सुभेदार रामजी व बाबासाहेब यांचे नातेही सापडणार नाही. म्हणून शोध घेताना प्रथम गाव, मग आजोबा-पणजोबांची नावे आणि शेवटी आडनाव, हा क्रम धरावा.

उल्हासनगरात याहून निराळी रीत दिसते. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली त्या वसाहतीस आजचे नाव मिळाले. त्यांच्या ‘-आणी’ प्रत्ययाच्या आडनावांत पूर्वजाचे नाव टिकून आहे; कोकणी ‘-कर’मध्ये गावाचे. कोणी पूर्वज सोबत आणला, कोणी गाव. आमच्या पूर्वजांच्या माथी मात्र दप्तराने जात मारली.

तथापि याच भूमीत जुनी आणि निराळी परंपराही आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणचे उपासक दान देताना आपली ओळख गाव व व्यवसाय यांनी सांगतात. त्यांत सोनार आहे, लोहारही आहे. आपला धंदा सांगण्यात त्यांना कमीपणा वाटलेला नाही. कर्जतजवळील कोंडाणे लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक छोटा लेख आहे. त्यात बलक स्वतःस कान्हाचा शिष्य म्हणवतो. कुळ सांगत नाही.

आज वंशावळीचा प्रश्न केवळ जिज्ञासेचा उरलेला नाही. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या राष्ट्रपती आदेशात बौद्धांचा समावेश झाला. परंतु महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या प्रमाणपत्रासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे वास्तव्य व जात यांचा पुरावा पाहिला जातो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्यांनी जात टाकली, त्यांच्या नातवंडांना मूळ गावी जाऊन तोच शब्द जुन्या कागदात शोधावा लागतो. आडनाव बदललेले असल्यास दोन कागदांतील माणूस एकच आहे, हे सिद्ध करताना कुटुंब थकून जाते.

यास्तव आमची सूचना साधी आहे. घरातील वडीलधारी हयात आहेत तोवर त्यांच्याकडून मूळ गाव, तालुका, आडनाव कधी व का बदलले हे लिहून घ्यावे. कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आणि वतनाचे कागद यांच्या प्रमाणित नकला मिळवाव्यात. आजीचे नाव व तिचे माहेरचे गावही अवश्य नोंदवावे. आडनावांच्या वंशावळीत स्त्रिया प्रथम हरवतात.

कागदात आढळणारा तो शब्द आमच्यावर काय लादले गेले, याचा पुरावा आहे. आम्ही कोण आहोत, याचा नव्हे. पूर्वज कोणत्या गावचे, कोणते काम करणारे आणि कोणाकडून शिकलेले, हे पुढील पिढीस सांगता आले, म्हणजे बलकाप्रमाणे आपली ओळख आपणच लिहिली असे होईल.