यूबीए : चार हंगामांत थांबलेली भारतीय बास्केटबॉल लीग

रायपूर : भारतातील पहिल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा इतिहास जेमतेम काही वर्षांचा आहे. युनायटेड बास्केटबॉल अलायन्स, म्हणजेच यूबीए, ही पुरुषांची लीग 2015 मध्ये सुरू झाली आणि 2017 मधील चौथ्या हंगामानंतर पुन्हा भरली नाही.

लीगमध्ये आठ संघ होते : मुंबई चॅलेंजर्स, पुणे पेशवाज, दिल्ली कॅपिटल्स, हरियाणा गोल्ड, पंजाब स्टीलर्स, बेंगळुरू बीस्ट, चेन्नई स्लॅम आणि हैदराबाद स्काय. (दिल्लीच्या क्रिकेट संघाने हेच नाव पुढे घेतले, तो योगायोगच.) संघांना शहरांची आणि राज्यांची नावे असली तरी सामने आलटूनपालटून प्रत्येकाच्या मैदानावर होत नसत. सर्व संघ एकाच ठिकाणी जमत आणि काही आठवड्यांत हंगाम उरकत असे. त्यामुळे पुण्याच्या प्रेक्षकाला ‘आपला’ संघ बहुधा दूरचित्रवाणीवरच भेटे. तिकीटविक्री आणि स्थानिक निष्ठा या दोन्ही आधारांना लीग मुकली, ती येथेच.

दुसरी अडचण मान्यतेची होती. भारतीय बास्केटबॉल महासंघाने 2010 मध्ये आयएमजी-रिलायन्सशी 30 वर्षांचा करार केला होता. त्यातून व्यावसायिक लीग उभी राहील ही अपेक्षा फोल ठरली. 2015 मध्ये तर महासंघातच पदाधिकाऱ्यांच्या निवडीवरून दोन गट पडले. याच पोकळीत यूबीए खासगी भांडवलावर, महासंघाच्या मान्यतेविना उभी राहिली. खेळाडूंपुढील पेच यातूनच निर्माण झाला. भारतात बास्केटबॉलपटूचा संसार चालतो तो रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक किंवा सेनादलातील नोकरीवर; राष्ट्रीय संघाची वाट मात्र महासंघाकडून जाते. काही आठवड्यांच्या मानधनासाठी या दोहोंना धक्का लागू देणे कोणाला परवडणार?

तरीही लीग निष्फळ ठरली असे म्हणता येणार नाही. तिच्यात खेळलेल्या पालप्रीत सिंग ब्रार याची 2016 मध्ये अमेरिकेतील एनबीएच्या विकास लीगसाठी लाँग आयलंड नेट्सने निवड केली, तर 2017 मध्ये अमज्योत सिंग ओक्लाहोमा सिटी ब्लू संघात दाखल झाला.

छत्तीसगडचा मात्र या कथेत कोठेच उल्लेख नाही. रायपूरपासून सुमारे 30 किलोमीटरवरील भिलाईत प्रशिक्षक राजेश पटेल यांनी पोलाद प्रकल्पाच्या आश्रयाने मुलींची एक पिढीच घडवली. कानपूरहून आलेली उंच खेळाडू पूनम चतुर्वेदी हिच्यासह अनेक राष्ट्रीय खेळाडू येथे तयार झाल्या. यूबीएत राज्याचा संघ नव्हता, आणि असता तरी महिलांना त्यात स्थान नव्हते. त्यांच्यासाठी नोकरी हीच लीग होती : भिलाई पोलाद प्रकल्प किंवा बिलासपूरस्थित दक्षिण पूर्व मध्य रेल्वे. पटेल यांचे 2018 मध्ये निधन झाले.

लीग बंद पडणे बास्केटबॉलला नवे नाही. अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन 1967 मध्ये 11 संघांनिशी सुरू झाली आणि नऊ हंगामांनंतर, 1976 मध्ये, संपली. पण तिचे डेन्व्हर, इंडियाना, न्यूयॉर्क आणि सॅन अँटोनियो हे चार संघ एनबीएत सामावले गेले आणि तिने लोकप्रिय केलेली तीन गुणांची रेषा एनबीएने 1979-80 च्या हंगामात स्वीकारली. यूबीएचा एकही संघ असा कोठे सामावला गेला नाही. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत एनबीएचे दोन सराव सामने झाले तेव्हा मुंबई चॅलेंजर्सचे नाव केवळ नोंदींपुरते उरले होते.

महासंघाच्या पाठिंब्याने इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग 2022 मध्ये सहा शहरांच्या संघांसह सुरू झाली. मुंबईचा संघ तिच्यात होता, पण नव्या नावाने : मुंबई टायटन्स. त्या सहांत रायपूर नव्हते.