मांडवांचा सण : सुक्कोथ

यहुदी पंचांगातील तिश्री महिन्याच्या 15 तारखेपासून सात दिवस चालणारा सुगीचा सण म्हणजे सुक्कोथ. मराठी बायबलात त्याला ‘मांडवांचा सण’ म्हटले आहे, आणि ‘सुक्का’ या हिब्रू शब्दाला याहून चपखल प्रतिशब्द सापडणे कठीण. खळ्यातील धान्य व कुंडातील द्राक्षारस घरी आल्यावर हा सण पाळावा आणि त्या आनंदात दास, उपरे, अनाथ व विधवा यांनाही सामील करून घ्यावे, असे अनुवाद ग्रंथाच्या 16व्या अध्यायात सांगितले आहे. लेवीय ग्रंथाचा 23वा अध्याय कारणही देतो : मिसर देशातून बाहेर पडलेले पूर्वज मांडवांत राहिले, हे पुढल्या पिढ्यांना कळावे. कोठारे भरलेली असतानाच पक्के घर सोडायला लावणारी ही आज्ञा विलक्षणच म्हणायची. बंदिवासातून परतलेल्या यहुद्यांनी यरुशलेमेत धाब्यांवर व अंगणांत मांडव घातल्याचे वर्णन नहेम्याच्या ग्रंथात आहे.

मांडवाचे बारकावे ‘मिश्ना’त आढळतात. छपरासाठी जमिनीत उगवलेल्या पण तोडलेल्या फांद्याच हव्यात. जिवंत वेलीची सावली चालत नाही. उन्हापेक्षा सावली अधिक पडावी, आणि उंची 20 हातांहून जास्त नसावी. पानातले अन्न बिघडेल इतका पाऊस आला तर मात्र घरात जाण्याची मुभा आहे. कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएलांच्या मुलखात हा सण परतीच्या पावसाच्या दिवसांतच येतो. तेथे या सवलतीचे मोल निराळे सांगायला नको.