टोड लेनवरील दुकान

इंग्लंडमधील रॉचडेल या गिरण्यांच्या गावी २१ डिसेंबर १८४४ रोजी सायंकाळी टोड लेन नावाच्या गल्लीत एक लहानसे दुकान उघडले. माल मोजकाच होता: लोणी, साखर, गव्हाचे व ओटचे पीठ आणि काही मेणबत्त्या. २८ विणकर व कारागिरांनी दर आठवड्याला दोन-तीन पेन्स बाजूला टाकून प्रत्येकी एक पौंड भांडवल जमविले होते. ग्राहक सहकाराच्या इतिहासात या दुकानाचा उल्लेख हटकून होतो. परंतु माणसे त्या दुकानाशी कशामुळे बांधली गेली, हा प्रश्न आम्हांला अधिक मोलाचा वाटतो.

त्या काळी कामगाराला दुकानदार उधारीवर माल देई. उधारी थकली की दुकान बदलण्याची सोय उरत नसे. मग पिठातील भेसळ आणि वजनातील खोट निमूटपणे सोसावी लागे. रॉचडेलमध्येच १८३३ साली निघालेले एक सहकारी दुकान उधारीपायी दोन वर्षांत बुडाले होते. म्हणून या मंडळींनी रोखीचा नियम केला. हातावर पोट असणाऱ्याला तो जाचक होता. तरीही शुद्ध माल व पुरे माप मिळण्याच्या खात्रीने माणसे येऊ लागली.

त्यांना टिकविले ते नफ्याच्या वाटपाने. भांडवलाला ठरावीक व्याज देऊन उरलेली शिल्लक, ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात वाटली जाई. ती दुकानातच ठेवली, तर रोजच्या बाजारहाटातून घराची बचत साठत जाई. १८४९ साली गावातील बचत बँक बुडाली, तेव्हा लोकांनी आपली पुंजी या दुकानाकडे वळविली. एका वर्षात सभासद १४० वरून ३९० झाले. शिवाय भाग कितीही असोत, प्रत्येक सभासदाला मत एकच. स्त्रियांनाही तो हक्क होता.

याच मंडळींच्या पुढाकाराने १८५४ साली सूतगिरणी निघाली, तेथे मात्र निराळेच घडले. नफ्यात कामगारांचाही वाटा असावा, असे प्रारंभी ठरले होते. गिरणी भरभराटीस येताच केवळ लाभांशासाठी भाग घेणारे वाढले आणि १८६२ साली त्यांनी तो वाटा बंद केला. संस्था तीच राहिली. सभासद होण्यामागचा हेतू बदलला होता.

आपल्याकडेही सहकारी भांडारे व पतसंस्था आहेत. स्वस्त माल आणि लाभांश यांची अपेक्षा गैर नाही. रॉचडेलच्या विणकरांनाही ती होतीच. परंतु हिशेब वाचण्यास, प्रश्न विचारण्यास आणि मत देण्यास वार्षिक सभेला आपल्या घरातून कोण जाते, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा, असे आम्हांला वाटते.